रोजची का लोडाची

पिकअप दारात येऊन उभी राहिली त्या दिवशी आईने तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पुढच्या सीटवर बसायला गेली, तर तिचा पाय काही वर पोचेना. दोनदा प्रयत्न करून ती साडी सावरत माझ्याकडे बघायला लागली. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ठेवलं. त्यावर चढून ती आत बसली, गल्लीतून एक चक्कर मारून आली आणि उतरल्यावर म्हणाली, "गाडी चांगली हाय. पण एवढी उंच कशापायी करून ठेवली असंल कुणी?"

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या डोक्यात गाडी पसंत केल्यापासून हाच प्रश्न होता. गाडी विकणारा माणूस कंत्राटदार होता. भूकंपानंतर पुनर्वसनाची गावं उभी राहत होती तेव्हा त्याने या गाडीतून पत्रे, सिमेंट, सळया वाहिल्या होत्या. तिकडचे रस्ते काळ्या मातीचे. पाऊस पडला की चाकं निम्मी आत जायची. म्हणून त्याने मागच्या चाकांवर जादा पाटे टाकून घेतले होते आणि त्यांच्याखाली लोखंडी ठोकळे बसवले होते. पाटे म्हणजे चाकापाशी एकावर एक रचलेल्या पोलादी कमानी. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर असतं. कंत्राटदाराने हे सगळं न विचारताच सांगितलं, आणि न विचारता सांगितलं म्हणूनच अण्णांना ते खरं वाटलं नाही.

अण्णा निलंग्याला शाळेत गुरुजी होते. रिटायर झाल्यावर ते आम्हाला घेऊन लातूरला आले, कारण लातूरला तेव्हा दर जूनमध्ये बाहेरगावची पोरं लोंढ्याने येत होती. डॉक्टर, इंजिनिअर व्हायला आलेली ही पोरं क्लासच्या आसपास मिळेल त्या खोलीत राहायची. ज्याच्याकडे चार भिंती होत्या तो त्यात दहा खाटा टाकून होस्टेलची पाटी लावायचा. या सगळ्यांना दोन वेळा जेवायला लागायचं आणि आईच्या हाताला चव होती. आम्ही खानावळ काढली. पुढं खानावळीत येऊन जेवणाऱ्यांपेक्षा डबे मागणारे जास्त झाले, रिक्षाने भागेना, तेव्हा ही जुनी पिकअप घेतली.

गाडी चालवायला दादा होता. दादा माझा आतेभाऊ. भूकंप झाला त्या पहाटे तो आमच्याकडे निलंग्याला होता. गणपती बघायला म्हणून आत्याने त्याला एकट्याला पाठवलं होतं. तिकडं त्यांच्या गावात आत्या, तिचे यजमान आणि धाकटी मुलगी दगडमातीच्या घराखाली गेली. तेव्हा तो सातवीत होता. त्यानंतर तो आमच्याच घरात वाढला. शाळेत त्याचं मन लागलं नाही, पण यंत्राचं काहीही त्याच्या हाताला लवकर यायचं. बोलायचा कमी. जेवताना आई वाढायला लागली की ताटावर आडवा हात धरायचा. पोटभर जेवला की नाही हे त्याच्याकडे बघून कधी कळायचं नाही.

अण्णा संशयी होते, हे आमच्या ओळखीत सगळ्यांना माहीत होतं. दूधवाल्याचं माप, सिलिंडरचं वजन, किराणा दुकानदाराने बांधून दिलेली पुडी, सगळं घरी आल्यावर पुन्हा तपासलं जायचं. क्लासवाल्यांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "बोर्डावर ज्यांचे फोटो लावतात ती पोरं खरंच यांचीच होती का, विचारलं कुणी?" असं ते आमच्याच गिऱ्हाईकांना विचारायचे आणि पोरं ताटात बघत जेवत राहायची. हा स्वभाव आधीपासूनचाच, असं आई म्हणायची. भिंतींवरचा संशय मात्र भूकंपानंतरचा. कुठल्याही नव्या घरात गेले की ते आधी भिंतीवर बोटांची मागची बाजू वाजवून बघत. लातूरची जागा भाड्याने घेताना त्यांनी मालकाला प्रत्येक भेगेचा खुलासा विचारला होता.

फक्त दादावर त्यांनी कधी संशय घेतलेला मी पाहिला नव्हता. भाजी आणायला पाठवलं तर आईलासुद्धा भाव विचारायचे, दादाला नाही.

उंच, कडक गाडी मोकळी चालली की उड्या मारते. पहिल्या आठवड्यातच आमटीच्या पातेल्यांची झाकणं उडाली, भाताचे डबे उलटे झाले. एका होस्टेलवरून निरोप आला की आमटी रस्त्याला पाजून आम्हाला नुसती भाकरी आणून देता काय. मग अण्णांनी ठरवलं, गाडी खाली घ्यायची.

औसा रोडवर एक गॅरेज होतं. तिथला मिस्त्री गाडीभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, "गुरुजी, गाडी रोजची पाहिजे का लोडाची?"

"म्हणजे?"

"रोजची पाहिजे असंल तर जादाचे पाटे काढतो, ठोकळेबी काढतो. गाडी खाली बसंल, मऊ चालंल. पण मग तिच्यावर वजन टाकायचं न्हाई. लोडाची पाहिजे असंल तर हाय अशीच ठेवा आन् धक्के खावा."

दादा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "मामा, एक जादाचा पाटा तरी राहू द्या. कधी तांदळाची पोती आणावी लागतात, कधी सिलिंडर."

"पोती किती अन् सिलिंडर किती?" अण्णा म्हणाले. "रोजची करा."

दिवसभर ते गॅरेजमध्ये लाकडी खुर्चीवर बसून राहिले. चांगले पाटे काढून जुने घालतील म्हणून त्यांनी काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पाट्यावर खडूने खूण केली. मिस्त्रीने ते बघितलं आणि पाना उचलला. लातूरच्या गॅरेजवाल्यांना गुरुजी लोकांची सवय असावी. संध्याकाळी गाडी घरी आली तेव्हा ती वेगळीच वाटत होती. मागचा उंच उचललेला भाग खाली आला होता, दोन्ही बाजू सारख्या होत्या, आणि आई एका हाताने दार धरून आपली आपण आत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आमटी जशी भरली तशी पोचली.

अण्णांनी वेळूची एक काठी घेतली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत धरली आणि उंचीच्या जागी चाकूने खाच पाडली. मग रोज सकाळी चहा झाला की काठी घेऊन ते गाडीभोवती फिरायचे. दादा तेव्हा काच पुसत असायचा. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत.

दिवाळीची सुट्टी संपून पोरं परत आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी खाचेच्या खाली गेली. डावी बाजू जास्त. अण्णांनी मला बोलावून काठी दाखवली. "बघ. पाटे बदलले त्याने. मी चहा प्यायला उठलो तेवढ्यात."

"पण तुमच्या खडूच्या खुणा?"

"खडू पुसायला किती वेळ लागतो?"

औसा रोडच्या मिस्त्रीकडे परत जायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या गॅरेजमधला माणूस पोतं अंथरून गाडीखाली सरकला आणि खालूनच ओरडला, "गुरुजी, पाटे बसलेत. लोड पडलाय गाडीवर."

"डबे वाहतो आम्ही," अण्णा म्हणाले. "डब्यांनी पाटे बसतात का?"

"डब्यांनी न्हाई बसत."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

तो माणूस गाडीखालून बाहेर आला. हात पुसत त्याने आधी अण्णांकडे, मग दादाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी चावी घेतली आणि आम्ही निघालो. तिसऱ्या गॅरेजमध्ये पाटे भट्टीत तापवून त्यांची कमान पुन्हा वाढवून दिली. गाडी वर आली. महिन्याभरात परत बसली. तिथला मिस्त्रीही लोड हा शब्द बोलला आणि तोही चोर ठरला.

बी.एड. करून नोकरीची वाट बघत मी घरीच होते. डबे लावायच्या आधी गाडीचा हौदा झाडायचं काम माझ्याकडे होतं. दुपारची फेरी झाली की दोनच्या सुमाराला रिकामे डबे यायचे, आणि तिथून संध्याकाळपर्यंत गाडीला काम नसायचं. दादा चावी घेऊन जायचा. कधी टायरमध्ये हवा भरायची असायची, कधी मित्राकडे जायचं असायचं. संध्याकाळी मी झाडायला गेले की हौद्याच्या कोपऱ्यांत तांबडी भुकटी सापडायची.

"ही कसली माती, दादा?"

"रस्त्यावरची हाय. उडती."

आमच्याकडची माती काळी. तांबडी माती लातूरच्या रस्त्यावर कुठून उडणार, हे मी त्याला विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मीही अण्णांसारखी बघायला लागले. त्याच्या शर्टाच्या बाह्या, नखं, चपला. घरात यायच्या आधी तो नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा, तोंड धुवायचा, केस ओले करून मागे फिरवायचा.

आईचाही संशय जागा झाला होता, पण त्याची दिशा वेगळी होती. पोळ्या लाटता लाटता ती मला हळूच म्हणाली, "पोरगी हाय कुठंतरी. न्हाई तर दुपारी कोण एवढं तोंड धुतं?"

"तसं असेल तर सांगेल तो."

"तो काय सांगतो. त्याला ताप आला तरी आपल्याला हात लावून बघावा लागतो."

एका दुपारी मी सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स काढायला गेले होते. दुकानाच्या मागच्या बाजूला एका होस्टेलचं बांधकाम चाललं होतं. त्या वर्षी लातुरात जिकडं बघावं तिकडं होस्टेलंच उभी राहत होती. तिथं आमची गाडी उभी होती. हौदा विटांनी काठोकाठ भरलेला, मागची बाजू एवढी खाली गेलेली की मडगार्ड टायरला टेकायच्या बेताला आलं होतं. दादा हौद्यात उभा राहून विटा खाली देत होता. तो कुणाशी तरी हसत बोलत होता. त्याला असं मोठ्याने हसताना मी घरात कधी ऐकलं नव्हतं. त्याने मला पाहिलं नाही. मी मागे वळले.

मी घरी आले तेव्हा अण्णा अंगणात बसून औसा रोडच्या मिस्त्रीला शिव्या देत होते. मी ऐकत राहिले. आता मला दादापेक्षा जास्त कोडं अण्णांचं पडलं. लोड हा शब्द जो कुणी उच्चारेल त्याच्याकडून ते गाडी काढून घेत होते. सिलिंडरचं वजन करणारा माणूस एवढी साधी गोष्ट तपासत का नव्हता? दुपारी गाडी कुठं जाते हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

जानेवारी उलटल्यावर मला नांदेडच्या एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. अण्णा म्हणाले, सगळेच जाऊ, तिथं एक मिस्त्री आहे, पाट्यांचंच काम करतो, लातूरच्या लोकांशी त्याचं साटंलोटं असायचं कारण नाही. आई खानावळीमुळे थांबली. दादा गाडी चालवत होता, मी मधे, अण्णा खिडकीशी. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. खड्डा आला की मागून पाटे कुरकुरायचे आणि अण्णा मान वळवून मागे बघायचे.

मुलाखत लवकर आटोपली. मी गॅरेजवर पोचले तेव्हा मिस्त्री गाडीखालून निघत होता. पांढऱ्या दाढीचा, मोठ्या आवाजाचा माणूस. दादा रस्त्यापलीकडे चहा घेत उभा होता.

"गुरुजी," मिस्त्री म्हणाला, "गाडी पे ईंटां डालते क्या? इसका तो दम निकल गया."

अण्णा खुर्चीवरून उठले आणि त्याच्या जवळ गेले. "उंची की बात करो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बाकी नको. वो इधर आएगा तब तो बिलकुल नको."

मिस्त्रीने दादाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक है. रोज की रखूं या लोड की?"

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. औसा रोडवर हाच प्रश्न आला तेव्हा त्यांनी लगेच उत्तर दिलं होतं. आता ते चाकाकडे बघत राहिले.

"बीच में रखो," ते म्हणाले.

"बीच में कुछ नहीं होता, गुरुजी."

"होता है. रखो."

परत येताना विष्णुपुरीजवळ गाडी गरम झाली. दादा कॅन घेऊन पाणी आणायला गेला. तो दिसेनासा होताच मी म्हणाले, "अण्णा, तुम्हाला माहीत आहे."

"काय?"

"दादा विटा टाकतो ते. मी बघितलंय त्याला."

कधी बघितलं, कुठं बघितलं, असं काही त्यांनी मला विचारलं नाही. खिडकीची काच खाली-वर करून बघितली, जणू तीही कुणी बदलली असावी. मग म्हणाले, "मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. मडगार्डच्या आतून विटेचा रंग लागला होता."

"मग त्या मिस्त्री लोकांना कशाला चोर म्हणालात?"

"ते त्याच्यासमोर बोलायला लागले. मग मी काय करू? त्याच्यासमोर ऐकून घेतलं, तर मला त्याला विचारावं लागलं असतं."

"विचारायचं की."

"विचारलं की तो जाईल." ते रस्त्याकडे बघत होते. "त्याची आईही अशीच होती. चार दिवस माहेरी राहिली तर पाचव्या दिवशी घर सारवायला काढायची, फुकट राहिल्यासारखं वाटतं म्हणून. हा इतकी वर्षं आपल्याकडे आहे. जायला निमित्त शोधतोय तो. मी कशाला देऊ?"

दादा कॅन घेऊन येताना दिसला तसे अण्णा ताठ बसले. "पाणी आणायला एवढा वेळ?" ते त्याच्यावर खेकसले. दादा मला म्हणाला, "काय झालं?" मी म्हणाले, काही नाही. त्याला ते पटलं नाही, हे त्याच्या बघण्यावरून कळत होतं. लातूर येईपर्यंत तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

घरी पोचलो. आई उंबऱ्यातून गाडीकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना ती दार धरून चढायला गेली आणि निम्म्यात अडकली. तिने स्टूल मागितलं नाही. घरात आली आणि पिशवी ठेवली. संध्याकाळचे डबे गेले, खानावळीतली पोरं जेवून गेली आणि आम्ही चौघं जेवायला बसलो, तेव्हा तिने अण्णांना विचारलं, "गाडी परत उंच कशी आली?"

"तो मिस्त्री चोर निघाला," अण्णा म्हणाले.

"नांदेडचाबी?"

"सगळे एकच."

आईने भाकरीचा तुकडा मोडला आणि दादाकडे वळली. "तू सांग रे. गाडी तू चालवतोस."

दादाने हात ताटाबाहेर काढला. मी अण्णांकडे पाहिलं; ते आमटीत भाकरी कुस्करत होते, फार बारीक, अगदी लहान मुलासाठी कुस्करावी तशी.

"मामी, दुपारी इटा टाकायलोय," दादा म्हणाला. "होस्टेलच्या बांधकामावर. दसऱ्यापासून."

"काय?" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की आईच्या हातातला भाकरीचा तुकडा ताटात पडला. "आणि मला कुणी सांगितलं नाही?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कालच गाडीत बसून बोललेला माणूस हाच का, असं वाटावं इतकं ते खरं ओरडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मामा, तुम्हाला माहीत होतं," दादा म्हणाला.

"मला कसं माहीत असणार?"

"रोज सकाळी काठी घेऊन गाडीभोवती फिरता तुम्ही. मी काच पुसत असतो तवाच. मला वाटायचं, मलाच दाखवायलेत. आज बोलतील, उद्या बोलतील. तुम्ही बोलंना गेलात, मग मीबी गप बसलो. वाटलं, किती दिवस बघत बसतात ते बघावं."

"मी मिस्त्रीचं काम तपासत होतो."

"हाव. तपासा की."

मग आईने विचारलं, "पण कशापायी रे? आपल्याकडं कमी पडायलंय का काही?"

"न्हाई मामी. सोताची गाडी घ्यायची हाय."

"मंग घे की. त्यात लपवायचं काय?"

"तुमच्याच गाडीवर कमवून तुमच्याच घरात कसं सांगायचं?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "पाटे मी बदलून देणार होतो. जाताना."

जाताना हा शब्द तो बोलला आणि अण्णा ताटावरून उठले. हात धुऊन ते अंगणात जाऊन बसले. आई बराच वेळ दादाकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे पोरगी न्हाईच?" दादाला हसू आलं. मलाही आलं. पण त्याने पुढं जेवण केलं नाही.

नंतरचे काही दिवस घरात विचित्र गेले. दादाने विटांचं काम बंद केलं आणि दुपारी तो अंगणातल्या खाटेवर पडून राहायचा. अण्णांना ते आणखी संशयास्पद वाटायचं. "झोपलेला नाही तो," ते मला आत येऊन सांगायचे. "डोळे उघडे आहेत." दादा मला विचारायचा, मामा आत काय म्हणाले? मी दोघांनाही काही सांगेना, तेव्हा दोघांनाही वाटायला लागलं की मी दुसऱ्याच्या बाजूची आहे.

शेवटी अण्णा एका सकाळी उठले आणि दादाला म्हणाले, "चल. गाडी काढ." मला वाटलं पुन्हा नांदेड. पण ते औसा रोडवर पहिल्याच मिस्त्रीकडे गेले. दादाने मला नंतर सांगितलं की मिस्त्रीने त्यांना बराच वेळ उभंच ठेवलं. लातूरभर आपल्याला चोर म्हणत फिरणारा माणूस परत का आला, हे त्याला कळेना. आपल्याला कुठंतरी अडकवायचा बेत असावा, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "गुरुजी, आधी खडूनं खुणा करून घ्या, मग हात लावतो."

"खडू आणला नाही," अण्णा म्हणाले. "रोजची करून द्या."

मग दादाला म्हणाले, "तुला लोडाची लागेल ती तुझी तू घे. उन्हाळ्यात. पोरांच्या परीक्षा झाल्यावर. मधेच गेलास तर डबे कोण पोचवणार?"

दादा म्हणाला, "हाव."

एवढंच बोलणं झालं. गाडी पुन्हा खाली आली आणि तशी राहिली. परीक्षा झाल्या, पोरं पेट्या घेऊन गावाकडे गेली, खानावळीच्या चुली थंड झाल्या आणि दादा नांदेडला गेला. तिथं त्या पांढऱ्या दाढीच्या मिस्त्रीच्या ओळखीने त्याला एका ट्रकवर काम मिळालं. जायच्या दिवशी आईने त्याला एवढं बांधून दिलं की त्याला आडवा हात धरायला जागाच राहिली नाही. अण्णा स्टँडवर गेले. एसटीच्या टपावर त्याची पेटी नीट बांधली आहे का ते त्यांनी स्वतः शिडीवर चढून बघितलं, आणि कंडक्टरला गाडी नक्की नांदेडलाच जाते ना, असं पाटी वाचूनही विचारलं.

जूनमध्ये रेणापूरचा एक ड्रायव्हर ठेवला. चांगला, सरळ माणूस होता. त्याच्यावर अण्णांनी पहिल्याच दिवशी संशय घेतला, डिझेल, भाजी, वेळ, सगळ्याचा हिशेब मागायला सुरुवात केली, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. मला नोकरी नांदेडलाच लागली. दादा मला रविवारी भेटायचा. काही वर्षांनी त्याने स्वतःची पिकअप घेतली, जादाच्या पाट्यांची, उंच. अण्णा नांदेडला आले की तिच्याभोवती फिरायचे आणि त्याला फसवलं आहे असं त्याला पटवून द्यायचे. तो ऐकून घ्यायचा.

विष्णुपुरीजवळ अण्णा मला जे बोलले ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णा वारल्यानंतर एकदा आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना काही माहीत नव्हतं. तू बोललीस तवा कळलं, आन् आधी कळलं न्हवतं असं कसं दाखवायचं म्हणून तसं म्हणाले. चाळीस वर्षं बघितलं मी त्यांना."

मला ते पटत नाही. नांदेडच्या गॅरेजात ते मिस्त्रीच्या जवळ जाऊन खालच्या आवाजात जे बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि तेव्हा मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. पण मग जेवताना ते तसे ओरडले का? दादासमोर वेड घेऊन पेडगावला गेले, की तो आपल्या तोंडाने कबूल करेल असं त्यांना वाटलंच नव्हतं आणि तो धक्का खरा होता?

गेल्या दिवाळीत दादा बायको-मुलांना घेऊन आला होता. हा विषय निघाला तेव्हा तो भाकरी खात होता. तो म्हणाला, "मामांचं जाऊ दे. मला तर आता वाटतं, सगळ्यात आधी मामींनाच माहीत होतं. माझे शर्ट कोण धूत होतं?"

आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं.

"मला काय कळतंय गाडीतलं," आई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.